गाथासप्तशती हालाने ‘लिहिली’ नाही, आणि ती आजच्या मराठीतही नाही

परत तो मेसेज फिरतोय, की सातवाहन राजा हालाने २००० वर्षांपूर्वी मराठीत ७०० कविता लिहिल्या आणि हे मराठीतलं पहिलं पुस्तक. भावना समजते हो, पण माहिती अर्धवट आहे.

भाषा महाराष्ट्री प्राकृत आहे, मराठीची पूर्वज म्हणा हवं तर, पण आपण वाचायला घेतलं तर टीप आणि भाषांतर लागतंच. दुसरं म्हणजे हाल हा संपादक. सुरुवातीच्याच एका गाथेत (गाथा म्हणजे इथे दोन ओळींची छोटी कविता) सांगितलंय की कोटीभर गाथांमधून ७०० निवडल्या, आता कोटी हा आकडा अतिशयोक्तीच, पण निवड केलीय हे तर स्पष्ट आहे ना. सातव्या शतकातल्या संस्कृत लेखक बाणभट्टानेही आपल्या हर्षचरित या ग्रंथात याला सातवाहनाचा कोश म्हटलंय, कोश म्हणजे संग्रह.

आणि ७०० पण सगळीकडे त्याच नाहीत! जर्मन अभ्यासक वेबरने १८८१ साली हस्तलिखितं ताडून आवृत्ती काढली तेव्हा सगळ्या पाठांच्या (म्हणजे हस्तलिखितांतल्या वेगवेगळ्या रूपांच्या) मिळून ९६४ गाथा झाल्या आणि सगळ्यांत समान असलेल्या जेमतेम ४३०. म्हणजे मधल्या शतकांत भर पडत गेली, म्हणून अख्ख्या पुस्तकाला एकच साल चिकटवता येत नाही.

मला तर ही खरी गोष्ट जास्त आवडते, कितीतरी कवी, शेतं, गोदाकाठ, नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायका. मराठीत स. आ. जोगळेकरांची १९५६ची आवृत्ती आहे, लायब्ररीत मिळाली तर नक्की वाचा, प्रस्तावनेसकट.