सहावा तास कुणाचा?

फेब्रुवारी आला की इथल्या पाचवीतल्या मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. ऑगस्टमध्ये मूल मिडल स्कूलला, म्हणजे सहावीला जाणार असतं आणि तिथे त्याला कोणते विषय हवेत ते आत्ताच लिहून द्यायचं असतं. मी राहते त्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियात अनेक मिडल स्कूलांमध्ये दिवसाचे सहा तास असतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि पीटी हे पाच ठरलेले. उरतो सहावा. त्यासाठी बँड, ऑर्केस्ट्रा, कोरस, चित्रकला, नाटक, स्पॅनिश, कोडिंग, सुतारकाम अशी यादी असते. शाळेगणिक ती थोडी लांब किंवा आखूड होते. त्यातून पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती लिहायची. खाली पालकांची सही. आमच्या मुलीच्या कागदावर शेजारी आणखी एक रेघ होती, तिच्या सहीसाठी.

त्या दुसऱ्या रेघेचं मला फार अप्रूप वाटतं. अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या शिक्षणाबद्दल कुणीतरी रीतसर विचारलेलं असतं आणि त्याचं उत्तर शाळेच्या दफ्तरी लागणार असतं. २०२५ साली महाराष्ट्रात शाळेतल्या विषयांवरून जो वाद पेटला तो मी इथून रोज वाचत होते. मुलांना काय हवंय हा प्रश्न कुणीतरी काढेल, याची मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

तो वाद थोडक्यात असा. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. विरोध झाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला. ‘अनिवार्य’ हा शब्द गेला, हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ झाली. दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायची. मग शिक्षक मिळेल, नाहीतर ती ऑनलाइन शिकवली जाईल. विरोध आणखी वाढला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

निर्णय मागे घेतला हे उत्तम झालं, असं माझं ठाम मत आहे. ज्या मुलाला अजून मराठीतली जोडाक्षरं धड येत नाहीत, त्याच्यावर तिसरी भाषा लादण्यात काही शहाणपण नव्हतं. पण सगळा जोर पहिलीवर खर्ची पडला याची रुखरुख आहे. पहिलीतलं मूल स्वतः निवड करूच शकत नाही, त्याच्या वतीने मोठ्यांनीच भांडायचं असतं. सहावी ते आठवीतलं मूल निवड करू शकतं. त्या तीन इयत्तांत काय शिकवलं जातं, कोण शिकवतं आणि त्यात मुलाच्या मनाचा एक तरी तास असतो का, यावर मोर्चा सोडाच, साधी पालकसभाही तापल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२० मुलांच्या अटीवर तेव्हा खूप टीका झाली. ती रास्त होती, कारण लहान गावातल्या शाळेत अख्ख्या वर्गाचा पटच २०च्या खाली असतो. पण पटाची अट इथेही आहे, हे सांगायला हवं. पुरेशी मुलं आली नाहीत की इलेक्टिव्हचा, म्हणजे पसंतीच्या विषयाचा, वर्ग रद्द होतो. आमच्या मुलीच्या शाळेत एका वर्षी नाटकाचा वर्ग असाच गेला. फरक एवढाच की नाटक गेलं तेव्हा त्या मुलांची दुसरी पसंती कागदावर लिहिलेली होती आणि ती शिकवायला माणूस होता. कुणी चित्रकलेला गेलं, कुणी कोरसला.

माझा सगळा मुद्दा त्या माणसापाशी येऊन थांबतो. निवड कागदावर द्यायला काही लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला, खेळ आणि व्यावसायिक शिक्षण यांना ‘अवांतर’ मानू नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. सहावी ते आठवीत मुलांनी सुतारकाम, बागकाम, विजेचं काम, कुंभारकाम असं काही हाताने करून पाहावं, १० दिवस दप्तराविना यावं, स्थानिक कारागिरांकडे शिकावं, हेही त्यात आहे. एनसीईआरटीने सहावीसाठी ‘कौशल बोध’ नावाचं पुस्तकही काढलं. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट उघडून पाहा. सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक हवेत असं त्यात आहे खरं, पण ते अंशकालीन आणि तेही पट १००च्या वर असेल तरच. सगळे विषय समान म्हणायचे आणि काही विषयांना मात्र अर्धवेळ माणूस, किंवा तोही नाही, हे कसं चालेल?

कॅलिफोर्नियातही कलाशिक्षकांची चंगळ नव्हती. पैशाची ओढाताण झाली की इथेही पहिली कुऱ्हाड संगीत आणि चित्रकलेवर पडते. पण नोव्हेंबर २०२२मध्ये प्रपोझिशन २८ नावाचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि लोकांनी तो मंजूर केला. त्यामुळे राज्याला शाळांमधल्या कला आणि संगीतासाठी दर वर्षी जवळपास १०० कोटी डॉलर वेगळे काढावे लागतात, आणि ५०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टांना, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना, त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करावे लागतात. इमारतीवर नाही, वाद्यांवर नाही, शिकवणाऱ्या माणसांवर. महाराष्ट्रातल्या समितीने कुठल्या भाषेचं काय हे ठरवताना असा एखादा ‘माणसांचा’ रकाना आखावा, असं मला फार वाटतं.

माझा भाऊ नाशिकला असतो. भाचा मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत सातवीला आहे. मध्यंतरी फोनवर मी सहज विचारलं, चित्रकलेच्या तासाला काय काढता रे? तो म्हणाला, “आत्या, तो तास असतो, पण त्यात गणिताचे सर पोर्शन पुरा करतात.” कार्यानुभवाचं तेच. शाळेने एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचे फॉर्म मात्र भरून घेतले. पुढे इंटरमिजिएट केली की दहावीला वाढीव गुण मिळतात ना! त्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या हातात पेन्सिल आणि रंग दिले, त्यांचं मोल मी जाणते. पण रोजचा तास गणिताला द्यायचा आणि परीक्षेआधी पंधरा दिवस स्थिरचित्र घोटून घ्यायचं, याला चित्रकला शिकवणं म्हणता येत नाही. शाळा सुटल्यावर भाचा फाउंडेशनच्या क्लासला जातो. बारावीनंतरच्या जेईईची तयारी सातवीत! भाऊ म्हणतो, “ताई, सगळेच जातात. मागे पडला तर?”

हा प्रश्न मला इथेही रोज ऐकू येतो, फक्त तो गणिताच्या रूपात येतो. बारावीला कॅल्क्युलस घ्यायचं तर अकरावीला प्रीकॅल्क्युलस, दहावीला अल्जिब्रा दोन, नववीला भूमिती आणि म्हणून आठवीलाच अल्जिब्रा एक व्हायला हवा. ही शिडी इथल्या प्रत्येक भारतीय घरात तोंडपाठ असते. ती मागे मोजत मोजत लोक सहावीच्या प्लेसमेंट टेस्टपर्यंत, म्हणजे मूल गणिताच्या वेगवान वर्गात जाणार की साध्या हे ठरवणाऱ्या परीक्षेपर्यंत, येतात आणि मग चौथीतल्या मुलाला गणिताच्या शिकवणीला घालतात. बँडची तालीम आणि शिकवणी यांच्या वेळा जुळल्या नाहीत की बँड सुटतो. इथे मला महाराष्ट्राची पद्धत उजवी वाटते. आपल्याकडे सातवीतलं गणित सगळ्यांना एकच. हुशार मुलगा आणि अडखळणारी मुलगी एकाच बाकावर तेच बीजगणित शिकतात. अकराव्या वर्षी मुलांना वेगवान आणि संथ असं वेगळं काढायची घाई आपण करत नाही.

ही वाटणी मोडायचा प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोने केला. २०१४पासून तिथल्या सरकारी शाळांनी आठवीत अल्जिब्रा देणं बंद केलं, सगळ्यांना तो नववीतच. हेतू चांगला होता. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर पैसे भरून तो कोर्स केला, आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यापुढची वाट तेवढी बंद झाली. वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर २०२४च्या सुरुवातीला शाळा मंडळाने आठवीतला अल्जिब्रा परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये मतदारांनीही तसाच कौल दिला. मला ते पटतं. ज्या मुलाला गणिताची ओढ आहे त्याला ते सरकारी शाळेत, फुकट मिळायलाच हवं. मात्र ओढ मुलाची हवी, ती आईबापांची असून भागत नाही.

मागे पडण्याच्या भीतीबद्दल इथल्या पालकांना एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी जी सरासरी काढतं त्यात नववीनंतरच्या उन्हाळ्यापासूनचे गुण धरलेले असतात. सातवी-आठवीत केलेला अल्जिब्रा किंवा स्पॅनिश विषयांच्या अटीपुरता मोजला जातो, पण त्यातले गुण सरासरीत येत नाहीत. म्हणजे सहावीत सुतारकाम घेतलं आणि ते जमलं नाही, तर काहीही बिघडत नाही. महाराष्ट्रातही तेच आहे. सातवीतल्या गुणपत्रिकेवर कुठल्याही कॉलेजचा प्रवेश ठरत नाही. आपल्या मुलांच्या अख्ख्या शालेय आयुष्यात चुकीच्या निवडीची किंमत द्यावी लागत नाही अशी हीच तीन वर्षं आहेत. नववीपासून प्रत्येक निवडीचा हिशेब होतो. मग हीच वर्षं आपण दोन्हीकडे क्लासने का भरून टाकतो?

आमच्या मुलीने ट्रॉम्बोन निवडला. बँडच्या सरांनी एक संध्याकाळ ठेवली होती. कॅफेटेरियातल्या टेबलांवर वाद्यं मांडलेली, मुलांनी एकेक फुंकून पाहायचं. ट्रॉम्बोनला बटणं नसतात, नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचा. अशा सात जागा असतात, आणि सहावीतल्या बहुतेक मुलांचा हात सातव्या जागेपर्यंत पोचतच नाही. आम्ही घरी हार्मोनियम, फार तर बासरी असं काहीतरी मनात धरलं होतं. सर तिला म्हणाले, सातवी जागा पुढच्या वर्षी लागेल, हात वाढेल तोवर. तिने मान डोलावली आणि कागदावर पहिल्या पसंतीत बँड लिहिलं. तिचे अल्जिब्राचे मार्क चांगले आहेत, पण एखादी गोष्ट आज जमत नाही आणि पुढच्या वर्षी जमेल, हे ती त्या तासाला शिकली. तिथे तिला क्रमांक नव्हता आणि टक्केही नव्हते.

आता एक अवघड विषय. इथे मूल शाळेत घालताना घरी कोणती भाषा बोलता, असा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात मराठी लिहिलं की मुलाची ईएलपीएसी नावाची इंग्रजीची परीक्षा होते. त्यात ते कमी पडलं तर त्याला इंग्रजीचा जादा वर्ग लागतो, आणि सहा तासांच्या मिडल स्कूलमध्ये तो वर्ग बऱ्याचदा त्या एकुलत्या एक सहाव्या तासात बसवतात. नुकतंच पुण्याहून किंवा नागपूरहून आलेलं सातवीतलं मूल म्हणूनच चित्रकलेला किंवा बँडला मुकतं. ज्याला इंग्रजी बोलायची भीती वाटते त्याला रंग, लाकूड आणि ताल यांची सर्वांत जास्त गरज असते. त्याचाच तास जातो. ही इथल्या व्यवस्थेतली उघड त्रुटी आहे. काही शाळा सकाळी पहिल्या तासाआधी एक जादा ‘शून्य तास’ ठेवून मार्ग काढतात, सगळ्यांनी काढला पाहिजे.

आणि याच भीतीपोटी अनेक मराठी घरं त्या फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहितात. मी त्यांना दोष देत नाही, मुलाचा तास वाचवायची त्यांची धडपड मला कळते. पण जून २०२५मध्ये मराठीसाठी हिरिरीने लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी निदान शाळेच्या बैठकीत उभं राहून म्हणावं, की आमच्या घरी मराठी बोलतात, आणि तरीही आमच्या मुलाचा सहावा तास घेऊ नका. अशी मागणी करणारी चार घरं एकत्र आली तर शाळेला ऐकावं लागतं. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांचीही हीच अडचण आहे, त्यांच्याबरोबर जायला हवं.

भावाशी परवा याच विषयावर बराच वेळ बोलले. तो शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे विचारायचा अधिकार आहे, फक्त विचारलं जात नाही. मी त्याला दोन प्रश्न लिहून पाठवले. सहावी ते आठवीचे चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास या सत्रात प्रत्यक्ष कुणी घेतले? आणि पुढच्या वर्षी आठवड्यातला एक तास मुलांच्या पसंतीने ठेवायचा झाला, तर गावातला कोणता सुतार, तबलजी किंवा सायकल दुरुस्तीवाला मानधनावर यायला तयार होईल? भाच्याने परस्पर सांगून टाकलंय की त्याला सायकल खोलून जोडायला शिकायचंय. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि भाऊ हे दोन्ही प्रश्न विषयपत्रिकेवर लेखी देणार आहे.