तारेवरची खरखर

आमच्या घरी टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटला वेग नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेग होता, तो दिसण्यासाठी संयम लागत असे, इतकेच. मावसबहिणीच्या लग्नाचा फोटो उघडायला घेतला, तर आधी मंगल कार्यालयाच्या छताची झालर उमटे, मग यथावकाश वधूपित्याचा फेटा येई, आणि वधूवरांचे चेहरे दिसेपर्यंत माझा चहा पिऊन, कप विसळून झालेला असे. ही २०१३ सालची गोष्ट. त्याच वर्षी सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएसवरून ५१२ वर नेली आणि संध्याकाळी कसेबसे ३०० गाठणारे आमचे कनेक्शन एका रात्रीत ब्रॉडबँड या पदवीस मुकले. बिलावरची पदवी मात्र तशीच राहिली.

योजना होती दोन एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटांची. तक्रार केंद्रात फोन केला की पलीकडून प्रथम मॉडेम बंद करून तीस सेकंदांनी चालू करण्याचा सल्ला मिळे, आणि तो मी इतक्या वेळा पाळला की बटणावरची अक्षरे पुसली गेली. एकदा एका मुलीने मला शांतपणे समजावले की दोन मेगाबिट म्हणजे दोन मेगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट होतो, जाहिरात बिटांत असते आणि उतरवलेली फाइल बाइटांत मोजली जाते. थोडक्यात, कोळव्याच्या हिशेबाने आकडा सांगायचा आणि धान्य शेराने मोजायचे, असा हा व्यवहार होता. आठ कोळव्यांचा शेर होतो हे आमच्या आजीला ठाऊक होते. तिला कोणी या बाबतीत फसवू शकले नसते. दोन एमबीपीएस पूर्ण मिळाले, तरी सेकंदाला अडीचशे किलोबाइटच पदरात पडणार, म्हणजे सातशे एमबीच्या फाइलीला पाऊण तास लागणार. आम्हाला तो पाऊण तास मिळाला असता तरी मी पेढे वाटले असते.

शेवटी मी स्वतःच मॉडेमच्या पोटात शिरायचे ठरवले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की मॉडेम आपली जन्मपत्रिका उघडून दाखवतो, आणि त्यातले दोन ग्रह महत्त्वाचे असतात. पहिला लाइन अटेन्युएशन, म्हणजे वाटेत झालेली गळती. ती आमच्याकडे पन्नास डेसिबल होती. पन्नास हा आकडा मला प्रथम परीक्षेतल्या गुणांसारखा समाधानकारक वाटला. पण डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा असतो. दर दहा डेसिबलला शक्ती एकदशांश होते. पन्नास म्हणजे पाच वेळा एकदशांश. टेलिफोन एक्स्चेंजमधून लाख निघाले तर आमच्या दारात एक पोहोचत होता. सरकारी अनुदानाचा अनुभव असलेल्या माझ्या काकांना यात काहीच विशेष वाटले नाही. ही गळती बहुतांशी तारेच्या लांबीची असते आणि एक्स्चेंज होते बाजारपेठेच्या पलीकडे, साडेतीन किलोमीटरवर. त्यामुळे या ग्रहावर शांत करण्यासारखे काही नव्हते.

दुसरा ग्रह नॉइज मार्जिन. संदेश खरखरीच्या पातळीपेक्षा जेवढा वर असायला हवा, त्याहून आणखी किती वर आहे, याची ही शिल्लक. ती सहा डेसिबलच्या खाली गेली की मॉडेम धापा टाकू लागतो. आमच्याकडे सकाळी पाच असे आणि दिवेलागणीला तीनवर येई, कधी दोनवर. मग मॉडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरच्या इंटरनेटचा, दिवा लुकलुके, मॉडेम लाइन सोडून देई आणि नव्याने वाटाघाटी करून आणखी कमी वेगावर राजी होई.

या खरखरीला फोनवर आवाजही होता. पापड तळल्यासारखा तो आवाज पावसाळ्यात वाढे, आणि घरात त्याचा उपयोग फक्त आईला होता. नागपूरची आत्या फोनवर तासभर बोलत असे. पाऊण तास झाला की आई म्हणे, "वन्सं, फार खरखर येतेय हो, काहीच ऐकू येईना, ठेवते मी." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि त्यात तांत्रिक माहिती दडलेली आहे हे मला कधी सुचले नव्हते. ज्या लाइनवर बोलताना खरखर येते, तिच्यावर इंटरनेट सुखाने नांदत नाही. म्हणून मी इंटरनेट संथ असल्याची तक्रार सोडून फोन खरखरतो अशी तक्रार नोंदवली. संथपणा ही भावना मानली जाते; खरखर हा बिघाड असतो.

दुसऱ्याच दिवशी लाइनमन आले. पायात स्लीपर, खांद्यावर पिशवी आणि निवृत्तीला दोन वर्षे उरल्याची शांती चेहऱ्यावर. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावरची डीपी, म्हणजे घरोघरी तारा वाटून देणारी पेटी, त्यांनी उघडली तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. आतून घराकडे येणारी तार मधेच जोडलेली होती. जोडावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळली होती आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली होती. पट्टी सोडताच थोडे पाणी आणि बऱ्याच मुंग्या बाहेर आल्या. तांब्याची दोन टोके कळकलेल्या भांड्यासारखी हिरवीगार झाली होती. माझे दोन एमबीपीएस या दुधाच्या पिशवीतून येत होते.

"कोणी केलाय हो हा जॉइंट?" मी विचारले.

"मीच," लाइनमन म्हणाले. "पण बारा वर्षं टिकला, साहेब."

त्यांनी टोके खरवडली, नवा जोड केला, एक्स्चेंजला फोन लावून पेअर, म्हणजे आमच्या तारांची जोडी, तपासून घेतली आणि हात पुसत घरात डोकावले. तिथे त्यांना बाबांचे पॅरलल, म्हणजे एकाच लाइनवरचे जादा फोन, दिसले. नव्वदच्या दशकात, कित्येक वर्षे नंबर लावल्यावर आमच्याकडे फोन आला, तेव्हा बाबांनी त्याच्या जोडण्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून माडीवर आणि तिथून परसदारी नेल्या होत्या. परसदारचे यंत्र कधीच मोडले, पण तार भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली, शाबूत होती. लाइनमन तिच्याकडे पाहून म्हणाले, "बाहेरचं माझ्याकडं लागलं. आतलं तुमच्या घरचं प्रकरण आहे."

प्रकरण असे होते. आपले बोलणे चार किलोहर्ट्झच्या आत मावते; इंटरनेट त्याच तारेवरून, पण सुमारे पंचवीस किलोहर्ट्झच्या वर चालते. दोघांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून स्प्लिटर नावाची डबी असते, आणि एकूण एक फोन तिच्या पलीकडे असावा लागतो. आमच्याकडे ती डबी दिवाणखान्यातल्या एकाच फोनला होती. बाकीचे सगळे सोवळ्याओवळ्याचा विचार न करता थेट तारेवर बसले होते. परसदारची मोकळी तार तर सर्वांत खट्याळ. संदेश त्या बोळात शिरे, पुढे कोणी नाही असे पाहून उलटा फिरे आणि मागून येणाऱ्या संदेशावर आदळे. ती तोडताना बाबा शेजारी उभे होते. "चाळीस फूट अस्सल तांब्याची आहे, टाकू नकोस," एवढेच ते बोलले. मग तार जिथे घरात शिरते तिथेच स्प्लिटर बसवला, मॉडेम त्याच्या शेजारी आणला आणि सारे फोन एकत्र त्याच्या पलीकडे टाकले.

मार्जिन आठवर गेली. संध्याकाळी मात्र ती चारवर येई. रात्री मध्यम लहरींची दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात आणि त्यांच्या लहरी टेलिफोनच्या तारेतही शिरतात, हे मी वाचले होते. इंटरनेट त्याच पट्ट्यातून जाते, आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झला वळसा घालून. पण आमची मार्जिन बरोबर सात वाजता घसरायची, आणि लहरी इतक्या वक्तशीर नसतात. खोडी घरातल्याच कुठल्या तरी उपकरणाची असावी, आणि तसली खरखर रेडिओलाही ऐकू येते. म्हणून बाबांचा जुना ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, जिथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी लावला आणि तो छातीशी धरून मी सातच्या सुमारास घरभर फिरलो. फ्रिजपाशी किंचित गुणगुण, टीव्हीपाशी थोडी जास्त. देवघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताच तो सिंहासारखा गर्जला.

गणपतीच्या तसबिरीभोवती एलईडीची माळ होती. गेल्या दिवाळीत रस्त्यावरून साठ रुपयांत घेतलेली, एवढ्याशा अडॅप्टरवर चालणारी. आई ती सांजवातीबरोबर लावत असे. मी बटण बंद केले, ट्रान्झिस्टर गप्प झाला. चालू केले, गर्जना. तिसऱ्यांदा करताना आई मागे येऊन उभी होती.

"देवासमोर रेडिओ घेऊन काय नाचतोयस?"

तिला सात वाजताचा आलेख दाखवण्यात अर्थ नव्हता. मी दुसऱ्या दिवशी चांगल्या कंपनीचा समईच्या आकाराचा दिवा आणला आणि माळ माळ्यावर गेली. मार्जिन अकरावर स्थिरावली, वेग एक पूर्णांक नऊ एमबीपीएस, तोही संध्याकाळी. वधूवर झालरीबरोबरच उमटू लागले. मी चहा कमी केला.

त्याच आठवड्यात रविवारी आत्याचा फोन आला. मी बाजूच्या खोलीत होतो. अर्धा तास झाला, पाऊण झाला, सवयीने आईचा आवाज थोडा चढला.

"वन्सं, जरा खरखर..."

आणि ती थांबली. तारेवर पापड तळले जात नव्हते. नागपूरहून आत्याचे बोलणे माझ्यापर्यंत स्वच्छ येत होते. "नाही गं, मला तर अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकू येतंय, बरं, ते लोणच्याचं राहिलंच की सांगायचं..."

आईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, स्टूल ओढून घेतले आणि दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिले.