अहिराणी ‘जात्याच विनोदी’ नाही

खान्देशाच्या कौतुकाच्या पोस्टींमध्ये एक मजकूर निरनिराळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: अहिराणी जात्याच विनोदी बोली आहे, तिचा हेल कानावर पडला की हसू येतं, तिच्यातला विनोद प्रमाण मराठीत आणला की मरतो, आणि विनोदाची चिरफाड करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हेतू प्रेमाचाच असेल, पण यातलं एकही विधान धड टिकत नाही. तिसऱ्यात तेवढा अर्धामुर्धा दम आहे.

‘जात्याच विनोदी’ म्हणाल, तर बाजारात कांद्याचा भाव अहिराणीतून ठरतो तेव्हा कोणी खदखदत नाही, आणि घरात मयत झाल्यावरचं रडणंही त्याच बोलीत होतं. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांनी १९८५ साली मांडलेला सिद्धांत इथे कामाला येतो: विनोदी मजकूर एकाच वेळी दोन प्रसंगचौकटींत, म्हणजे प्रसंगांबद्दलच्या आपल्या ठरलेल्या कल्पनांत बसतो आणि त्या चौकटी एकमेकींच्या विरोधात असतात. नाटकातल्या साहेबाच्या कचेरीत ‘काय करी राहिना भो?’ ऐकू आलं की प्रेक्षक हसतो, कारण कचेरी आणि ओटा एकमेकांवर आदळतात. उलट करून पाहा. बांधावर बसलेल्या चौघांतला एक जण गंभीरपणे ‘सदर बैलाने सहकार्य नाकारले आहे’ म्हणाला, तर हसं प्रमाण मराठीचं होईल. म्हणून प्रमाण मराठी जात्याच विनोदी ठरत नाही, तशीच अहिराणीही नाही.

शिवाय या मजकुरात खान्देशातलं सगळंच बोलणं ‘अहिराणी’ म्हणून खपवलेलं असतं. बहिणाबाई चौधरींची गाणी अहिराणीतली नाहीत, लेवा गणबोली या खान्देशातल्याच दुसऱ्या बोलीतली आहेत. १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून महाराष्ट्र ती वाचतो आहे आणि बोलीमुळे हसत सुटलेला नाही. त्या गाण्यांत जिथे हसू फुटतं, तिथे ते ओळीच्या रचनेतून फुटतं.

हेलाचा मुद्दा साहित्यापुरता तरी चटकन निकालात निघतो, कारण छापील पानाला हेल नसतो. तिथे लेखक व्याकरणावर उभा असतो आणि घसरतोही तिथेच. ‘आहे’च्या जागी ‘शे’ घालून ‘मी बाजारात जात शे’ असं लिहून अहिराणी होत नाही. ती ‘शे’ चिकटवलेली पुणेरी झाली. ‘मी बजारले जास’ किंवा ‘जाई राहिनू’ हवं. चुकीच्या बोलीवर परका वाचक हसेल, पण तेव्हा हसण्याचा विषय पात्राने केलेली गंमत नसते, पात्रच असतं.

आता भाषांतर. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून गळा म्हणजे ‘गया’. आणि ‘गेला’ हाही ‘गया’च.

— भजनवाला कोठे गया?
— भजनवाला आठेच शे, गया गया.

यातली गंमत भाषांतरात टिकेल का, हे पाहायची कसोटी आपल्याकडे जुनीच आहे. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात श्लेष तपासायला तीच वापरली: शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा ठेवा, गंमत गेली तर ती शब्दाची होती, उरली तर अर्थाची. उत्तरातल्या पहिल्या ‘गया’च्या, म्हणजे गळ्याच्या जागी ‘घसा’ ठेवा. ध्वनीचा खेळ तिथेच संपतो. पण प्रमाण मराठीत ‘भजनवाला कुठे गेला?’ ‘तो इथेच आहे, गळा गेला’ असं म्हटलं, तर थोडं हसू शिल्लक राहतं, कारण ‘जाणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ तिथेही आहेत. म्हणजे एकाच विनोदाचा एक थर मेला, दुसरा जगला. ‘भाषांतरात मरतो’ म्हणणाऱ्यांना हा दुसरा थर दिसत नाही.

अर्थाच्या विनोदाला तर सहसा धक्काही लागत नाही. पाहुणा विचारतो, भरीत तिखट तर नाही ना? घरधनी म्हणतो, ‘जराबी नही. पानीनी कयशी जोडे ठेयेल शे.’ प्रमाण मराठीत ‘अजिबात नाही. पाण्याची कळशी जवळच ठेवलीय’ म्हणा, काम तेवढंच होतं. उत्तर दिल्यावर न विचारलेली माहिती आली, की ती का आली याचा अर्थ ऐकणारा स्वतः लावतो. भाषाशास्त्रज्ञ साल्वातोरे आतार्दो आणि रास्किन यांनी १९९१ साली विनोदाचे सहा घटक मांडले: चौकटींचा विरोध, त्यांना जोडणारी युक्ती, प्रसंग, लक्ष्य, मांडणीचा प्रकार आणि भाषा. भाषा यात सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. भाषांतरकाराने आधी तिला हात लावावा, विरोधाला शक्यतो लावू नये.

राहिली चिरफाड. समजावलेला विनोद हसवत नाही, हे खरं. पण पडलेला विनोद उभा करायचा तर सांधा कुठला ते माहीत असावं लागतं. ‘पाण्याची कळशी जवळ ठेवलीय, पण भरीत तिखट नाही’ असं लिहिलं तर शब्द जवळपास तेच, हसू मात्र शून्य, कारण दुसरी चौकट पहिलीच्या आधीच उघडली. पलटवणारा तुकडा शेवटी हवा आणि त्याच्या मागे काही नको. पुष्कळ हस्तलिखितांत नेमका त्यानंतर ‘असे म्हणताच सगळे हसू लागले’ असा शेपटा असतो. तो खोडायचा. लांब कथेत मात्र प्रत्येक टोला शेवटचा नसतो. मधल्या टोल्यांनी कथानक मोडायचं नसतं, म्हणून ‘गया गया’ मध्ये चालतो. सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणारा टोला असेल, तर तो अखेरच्या ओळीसाठी राखून ठेवावा लागतो.