कलम गेलं, चारसोबीस कुठे जातोय?

‘१ जुलै २०२४ पासून कलम ४२० रद्द झालं, म्हणून चारसोबीस हा शब्द आता चुकीचा. लबाडाला ३१८ म्हणा,’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्याला शेपूटही आहे: ‘४२० म्हणजे खोटं बोलणं, आणि आता तो गुन्हाच राहिला नाही.’ एवढ्याशा मजकुरात इतकी भेसळ क्वचित सापडते.

शेपटापासूनच सुरुवात करू. नुसतं खोटं बोलणं हे ४२० कधीच नव्हतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीची व्याख्या ४१५ मध्ये होती, साध्या फसवणुकीची शिक्षा ४१७ मध्ये. ४२० लागायचं ते अप्रामाणिक हेतूने फसवून समोरच्याची मालमत्ता काढून घेतली तर. ताप आल्याची थाप मारून दांडी मारणारा लबाड खरा, पण ४२० नव्हे. दुसऱ्याचा प्लॉट आपला म्हणून दाखवून इसार उकळणारा मात्र त्यात चोख बसतो. घोळ होतो तो मधल्या माणसाचा. उसने घेतले, तीन हप्ते फेडले आणि मग हात वर केले. हा बुडव्या खराच. पण घेतानाच बुडवायचं मनात होतं हे दाखवता आलं नाही, तर ती फसवणूक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका निकालात हे स्पष्ट केलंय. ‘४२० लावाच’ म्हणून पोलीस ठाण्यात अडून बसणाऱ्याला ‘दिवाणी दावा करा’ हे उत्तर मिळतं ते बऱ्याचदा यामुळेच.

गुन्हा राहिला नाही? उलट, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे आणि जुनं ४२० तिथे पोटकलम (४) झालंय. शिक्षा तीच: सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. साध्या फसवणुकीची कमाल शिक्षा तर एका वर्षावरून तीन वर्षांवर गेली. १ जुलै २०२४ पूर्वीच्या फसवणुकीला अजूनही जुनं ४२० च लागतं. नव्या संहितेत मुळात कलमंच ३५८, त्यामुळे ४२० हा आकडा तिथे नाही, एवढंच काय ते खरं.

राहता राहिला शब्द. ‘चारसोबीस आहे तो, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस,’ असं बजावणाऱ्याने कायद्याचं पुस्तक कधी उघडलेलं नसतं. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे आणे व्यवहारातून गेले. बातमी मात्र अजून सोळा आणे खरी निघते. कुणाला मराठमोळं ‘चारशेवीस’ आवडत असेल तर तेही चालतंच, खुशाल म्हणा. ‘तीनशे अठरा’ मात्र एकदा कुणाला म्हणून बघाच. तो तिसऱ्या मजल्यावर खोली शोधायला जाईल.