वर्तमानात राहा, मुक्काम पोस्ट अमळनेर

'वर्तमानात जगा' असा उपदेश करणारी माणसं मे महिन्यात खानदेशात येऊन गेलेली नसतात. आली असती तर निदान 'दिवाळीपासून जगा' एवढी सूट त्यांनी दिली असती. आमच्याकडे चैत्र सरता सरता पारा 44-45 वर जाऊन टेकतो आणि दुपारी बारा ते पाच हा वेळ कुणी जगत नाही, नुसता काढतो. दारं-खिडक्या बंद, कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी, पोटात कैरीचं पन्हं आणि डोळे गच्च मिटलेले. ही सगळी खटपट वर्तमानातून सुटका व्हावी म्हणूनच असते. अशा मुलखात राहून मी योगाच्या वर्गाला नाव घातलं.

दोष पाठीचा. मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे. मोटारसायकलवर तालुका पालथा घालणं हे माझं काम. कर्जदार घरी नसतो, तो शेतात गेलेला असतो. शेतात जावं तर बाजाराला गेलेला असतो. बाजारात विचारावं तर कळतं, कालच सुरतेला गेला. खडी उखडलेल्या रस्त्यांवरून या गैरहजर मंडळींचा माग काढता काढता कंबर बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण योगा करा. मनही शांत राहील." मनाबद्दल मी काहीच तक्रार केली नव्हती. पण चेहऱ्यावर दिसलं असावं.

वर्ग एका मंगल कार्यालयात भरतो. शिकवणारे सर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. त्यामुळे 'मन सैल सोडा' हे वाक्यसुद्धा ते 'सावधान!'च्या चालीवर म्हणतात. सरांना गावाचा अभिमान फार. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की अमळनेरकरानं योगाला नाक मुरडणं शोभत नाही. प्रतापशेठांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं ते इथे. ज्यांनी आसनं-प्राणायाम प्रयोगशाळेत नेले, क्ष-किरण आणि रक्तदाबाचं यंत्र लावून तपासले, ते स्वामी कुवलयानंदही इथलेच शिक्षक. तेव्हाचे जगन्नाथ गणेश गुणे. खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते शिकवत असत. पुढे इथलं राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडलं आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. हे सांगून सर थांबले आणि आमच्याकडे असं बघू लागले, की जणू कॉलेज आमच्यामुळेच बंद पडलं. मला मात्र त्यात वेगळीच मेख दिसली. अमळनेरचा उन्हाळा काढलेला माणूस आश्रम काढायला थंड हवेचं लोणावळं शोधतो, यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही.

मंगल कार्यालयात श्वासाकडे लक्ष देणं तसं अवघडच. आदल्या रात्री लग्न झालेलं असतं. सतरंजीत वरण-बट्टीचा आणि घोटलेल्या वांग्यांचा वास मुरलेला असतो. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं, की मी थेट पंगतीत जाऊन बसायचो. तेवढ्यावर भागलं असतं, पण भिंतीपलीकडे मिरची कांडप आहे. वर्षाचं तिखट करण्याचे दिवस, आणि ऊन चढायच्या आत बायका डबे घेऊन नंबर लावतात. आमचा प्राणायाम आणि त्यांचं कांडप एकाच मुहूर्तावर सुरू होतं.

सर म्हणाले, "डोळे मिटा. श्वास येतोय, त्याच्याकडे नुसतं पाहा. कुठून येतोय, कुठे जातोय."

कुठून येतोय ते सगळ्यांना कळलं होतं. आधी नाकाच्या शेंड्याला हुळहुळलं, मग घशात कुणीतरी बारीक खरवडल्यासारखं झालं. पहिल्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी शिंक दाबली, ती त्यांच्या खांद्यांतून निघाली. मग दुसरी रांग गेली. अनुलोम झाला, विलोमाची पाळीच आली नाही. सरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पीटीचा माणूस हटणार कसा? "कफ सुटतोय," ते म्हणाले, "सुटू द्या." एवढ्या गदारोळात माझ्या शेजारच्या काकू तेवढ्या पद्मासनात ताठ, डोळे मिटून, चेहऱ्यावर रेषही हललेली नाही. हीच ती स्थितप्रज्ञ अवस्था, असं मनात येतं न येतं तोच त्यांनी पुटपुटून निकाल दिला, "लवंगी शे. बेडगी मिसळेल नई."

लग्नाच्या तिथी दाट आल्या, कार्यालय मिळेना, आणि सरांनी सांगितलं, आपापल्या घरी करा. घरी म्हणजे गच्चीवर. उन्हाळ्यात आमची सगळी आळी गच्चीवर झोपते, त्यामुळे पहाटे उठून आसन लावलं की आजूबाजूच्या गच्च्यांवरची उठलेली आणि अर्धवट उठलेली सगळी जनता प्रेक्षक. मी भुजंगासन करायला पालथा पडलो आणि पलीकडच्या गच्चीवरून जिभाऊंनी काळजीनं विचारलं, "पोट दुखस का रे भो?" नाही म्हणून मान हलवली, तर आसन मोडलं. जिभाऊंना वाटलं, बोलताही येत नाहीये. त्यांनी ओवा पाठवला. नातवाबरोबर, वाटीतून, झाकण घालून. ओवा खाल्ल्याशिवाय नातू जागचा हलेना. शेवटी मी पालथ्या पालथ्याच ओवा चघळला.

बरं, गच्चीही माझी नव्हती. तिथे मायचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असायचे. ज्वारी भिजवून आंबवायची, भरडायची, तिळ-लसूण-मिरची घालून शिजवायची आणि ओल्या फडक्यावर हातानं पातळ थापायची, असं हे लांबलचक काम. उरलेल्या जागेत मला पर्वतासन, ताडासन वगैरे भूगोल बसवायचा असे. 'पाय!' असं माय ओरडली की मी हवेतला पाय हवेतच ठेवायचो. माझा तोल त्या उन्हाळ्यात कमालीचा सुधारला.

बिबड्यांचा घाटा शिजतो तेव्हा चाटू थांबवून चालत नाही. थांबला की गाठी झाल्याच. कुठल्याशा प्रवचनात मी ऐकलं होतं, की असं एकाग्र होऊन केलेलं काम म्हणजेच ध्यान. तेव्हा एका सकाळी मांडी घालून मायसमोर बसलो आणि नीट पाहिलं. हात गरगर फिरतोय, कपाळावरून घाम ओघळतोय, नजर पातेल्यात. आणि तोंडानं? तोंडानं ती माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नात होती. तिथे मानाची साडी कुणाला कमी प्रतीची गेली, त्यावर कोण काय बोललं, आणि तेव्हा आपण काय बोलायला हवं होतं, हे ती आता बोलत होती. आत्याचा मुलगा आज स्वतः सासरा झालाय. मधेच चूल वाढव, मधेच कावळा हाकल, मधेच बायकोला "पानी टाक वं" अशी सूचना, आणि पुन्हा त्याच मांडवात. वर्तमानात ती कुठेच नव्हती. घाट्यात एक गाठ झाली नाही.

हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तुझं काय ते बोल. तुझ्या गाठी होतात."

खरं म्हणजे खानदेशात मला या बाबतीत एक मोठा आधार आहे, आणि तो तापी-पूर्णेच्या संगमावर बसलेला आहे. चांगदेव! असला योगी झाला नाही. मृत्यू आला की प्राण वर चढवून ठेवायचा आणि तो गेला की उतरवून घ्यायचा, असं करत तो 1400 वर्षं जगला म्हणतात. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला. त्याआधी पत्र लिहायला बसला, तर मायना काय लिहावा तेच सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईनं तो पाहिला आणि म्हणाली, 1400 वर्षं जगला तरी कोराच राहिला! त्या मुक्ताबाईचं स्थानही तिथून जवळच, मुक्ताईनगरला. मी दर्शनाला गेलो तेव्हा चांगदेवाच्या देवळात दगडी खांबाला पाठ टेकून बराच वेळ बसलो. गार वाटलं. ज्याला एवढा अवधी मिळूनही मायना सुचला नाही, त्याच्यापुढे माझं पाडव्यापासूनचं योगाचं खातं म्हणजे किरकोळच. मी तिथे सर्वांत सोपं आसन केलं, शवासन. देवळातल्या गुरवानं हलवून उठवलं आणि घोरण्याबद्दल दोन शब्द सुनावले.

बायकोचं म्हणणं, तुम्हाला शवासन मुद्दाम शिकवावं लागलं नाही.

मग 21 जून आला. 2015 पासून त्या दिवशी योग दिन होतो, आणि आमच्या सरांचा तो पोळा असतो. शाळेच्या मैदानात पांढरे सदरे घालून सगळं गाव उभं. मृग कोरडा गेला होता, आभाळ नुसतं भरून आलेलं, आणि अर्ध्या लोकांचं ध्यान श्वासाऐवजी ढगांवर. माझी कंबर बरी म्हणून सरांनी मला पुढच्या रांगेत घेतलं. सूर्यनमस्कार सुरू झाले. "हस्तपादासन! वाका! तिथेच थांबा!"

मी वाकलो. दोन्ही तळवे जमिनीला लागले, ही माझ्या आयुष्यातली अपूर्व गोष्ट. त्या आनंदात स्वतःच्या दोन पायांमधून मागे पाहिलं, तर मागच्या रांगेत अजून जेमतेम अर्धा वाकलेला एक उलटा चेहरा. ओळखीचा. ज्याच्यासाठी मी शेत, बाजार आणि सुरत असा प्रवास चौकशीनं केला होता, तो थकबाकीदार माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यानंही मला ओळखलं. पळायला वाव नव्हता, दोन्ही बाजूंना माणसं वाकलेली आणि सर समोर.

"राम राम, भाऊसाहेब," तो म्हणाला.

"राम राम. हप्ता?"

"पानी पडू द्या. कापूस उना का देसू."

"कापूस दिवाळीला येतो. सर काय म्हणतात ऐकलं ना? वर्तमानात राहायचं. आत्ताचं बोला."

"आत्ते?" गुडघ्यांपर्यंत कसाबसा पोहोचलेला तो कळवळून म्हणाला, "आत्ते ते मी वाकेल शे, भाऊसाहेब!"