आयात बंद केली की अन्नसुरक्षा येत नाही

"परदेशी डाळ-तेल आजच बंद करा. वर्षभरात देश स्वयंपूर्ण, शेतकरी सुखी. अमेरिकेच्या गव्हावर जगलेले दिवस आठवा." हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून लोकलच्या डब्यापर्यंत फिरतोय. त्यातली शेतकऱ्याबद्दलची कळकळ मला मान्य आहे, उपाय नाही.

ते दिवस आठवायचेच तर पूर्ण आठवूया. पीएल-480 चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेला, गहू अपमानास्पद होता, खरंय. पण त्यातून आपण बाहेर पडलो ते 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणून, त्याला पाणी, खत आणि सरकारी खरेदीची जोड देऊन. आजही पोटॅशचं खत जवळपास सगळं बाहेरूनच येतं.

तेलाचं पाहा. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात होतं: पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सूर्यफूल बरंचसं रशिया-युक्रेनचं. युद्धाने भाव चढलेले असतानाच एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. बंदी महिन्याभराच्या आतच उठली, तरी तेवढ्यात बाजार हादरला. तीच कोंडी आपण आपल्या हाताने, तीही कायमची करायची? पहिली झळ हातावर पोट असलेल्यांना बसेल. आणि तेलबियांना एवढी जमीन आणायची कुठून? कापूस, तूर, गहू यांचीच ना?

तुरीबाबत मात्र मेसेजवाल्यांचा राग रास्त आहे. 2015 मध्ये मुंबईत तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपात मराठवाडा-विदर्भाने भरभरून तूर पेरली, माल आला आणि भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. खरेदी केंद्रांवर बारदाना, म्हणजे पोती, नाही म्हणून ट्रॅक्टर ताटकळत उभे, आणि बाहेरची तूर येतच होती. आयातीवर मर्यादा घातली ती ऑगस्ट 2017 मध्ये, बहुतेकांची तूर विकून झाल्यावर. 2021 मध्ये दार पुन्हा उघडलं. शेतकऱ्याला मारलं ते या धरसोडीने.

आणि निर्यातीचं काय? डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती आम्हा शहरवाल्यांना कांदा स्वस्त मिळावा म्हणून. नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला. त्यावर हा मेसेज अवाक्षर काढत नाही.

आयातशुल्क मृगाच्या पेरणीआधी जाहीर करा आणि तो माल विकला जाईपर्यंत बदलू नका. नवी तूर बाजारात येत असताना बिनशुल्काची जहाजं बंदराला लागू देऊ नका. असा मेसेज कुणी लिहिला तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.