ओढ, ढील आणि कन्हानचे पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

फ्लाय फिशिंगमधील, म्हणजे कीटकासारख्या खोट्या आमिषाने (फ्लायने) मासे पकडण्याच्या पद्धतीतील, लाइनच्या (दोरीच्या) नियंत्रणाविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पाण्यावर पडलेली लाइन प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलटवण्याचे, म्हणजे ‘मेंड’ करण्याचे तंत्र हिमाचलातल्या खळाळत्या नद्यांमधील ट्राउटसाठी ठीक असले, तरी कन्हानसारख्या संथ, वाळूच्या नदीत ते निरुपयोगी आहे, हा पहिला. आणि लाइनला ढील दिली की मासा लागल्याचे उशिरा कळते, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिला मात्र मला मान्य नाही.

फ्लायला ओढ बसते ती शेजारशेजारच्या पाण्याच्या वेगांतील फरकामुळे. नदी कितीही संथ असली तरी घर्षणामुळे काठालगतचे पाणी मधल्या धारेपेक्षा हळू चालते. या काठावरून पलीकडच्या संथ पाण्यात फ्लाय टाकली, की मधली धार लाइनला आधी पुढे नेते, लाइनला बाक येतो आणि तो बाक फ्लायला फरफटवू लागतो. कामठीजवळ, जिथे पेंच आणि कोलार कन्हानला मिळतात त्या भागात, पूर ओसरल्यावर पुलाच्या खांबामागचे पाणी आपण अवश्य पाहावे. वेगवान धार, थबकलेले पाणी आणि उलटा फिरणारा भोवरा अगदी लागून असतात. फ्लायशेजारचा फेसाचा बुडबुडा मागे पडू लागला आणि फ्लायमागे बारीक रेघ उमटली, की ओढ बसली असे खुशाल समजावे.

ही रेघ दिसल्यावर घाईने केलेली मेंड फ्लायलाच हलवते. लाइन पाण्यावर टेकताक्षणी रॉडचे टोक उंच करून धारेवरची लाइन आधी अलगद सोडवावी आणि मगच ती वर उलटवावी. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा, जागचा हलता कामा नये. पलीकडचे पाणी अधिक वेगवान असेल तर मेंड खालच्या अंगाला करावी लागते, याकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. मला स्वतःला ‘रीच कास्ट’ अधिक पसंत आहे, कारण त्यात लाइन हवेत असतानाच रॉड वरच्या अंगाला झुकवला जातो आणि पाण्यावर काहीच ढवळावे लागत नाही.

आता ढिलीविषयी. ट्राउट खोटी फ्लाय क्षणात थुंकतो, म्हणून आपली काळजी रास्त आहे. परंतु ढील हवी ती लीडरजवळ. रॉडच्या टोकाशी ती साचू देऊ नये. फ्लाय आपल्याकडे वाहत येत असताना मोकळी होणारी लाइन दुसऱ्या हाताने सतत ओढून घेत राहिल्यास मासा लागल्याचे वेळीच कळते.

आपण दिलेले मरळीचे उदाहरण योग्य आहे. साचलेल्या पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडून झडप घालणाऱ्या मरळीसाठी फ्लाय मुद्दाम ओढावीच लागते. मात्र ती ओढ किती, केव्हा आणि कोणत्या दिशेने द्यायची हे आपल्या हाताने ठरवलेले असते. धारेने लादलेल्या ओढीत यांपैकी काहीच आपल्या ताब्यात नसते, आणि माझे लेखन या दुसऱ्या ओढीपुरतेच होते.